माळकरी घरातलं माशांचं जेवण

बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेला लागलं की शहर मागे पडतं न पडतं तोच पाली येतं, आणि पालीला लागूनच बिंदुसरेचं धरण. 1955 च्या सुमाराचं. पाऊस मनासारखा झाला की सांडव्यावरून पाणी कोसळतं आणि अख्खं बीड ते बघायला लोटतं. पावसाने दडी मारली की तेच धरण तळाला जातं, बीडच्या नळांची भिस्त माजलगावच्या पाण्यावर येते आणि वाड्यावस्त्यांवर टँकर फिरू लागतात. अशा मुलखात हौसेचे मासे पाळावेत का, असं कुणीही विचारेल. माझ्या आत्याला ते पुष्कळांनी विचारून झालं आहे. तिच्याकडे तीन गोल्डफिश आहेत. नातू शिकायला पुण्याला गेला, त्याची काचेची पेटी रिकामी झाली आणि मासे पडवीतल्या सिमेंटच्या हौदात आले.

आत्या माळकरी आहे. तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले, आणि तळ्यातल्या रोहू-कटल्याला काय घालावं, किती घालावं, हे शेतकऱ्यांना सांगणं हे माझं काम. तेव्हा आत्याने पाकिटातलं खाद्य बंद करून माशांसाठी घरी शिजवायला सुरुवात केली, हे कळल्यावर आमचं जुंपणं ठरलेलंच होतं. ते एका बैठकीत मिटलं नाही. पुढे लिहिलं आहे ते निरनिराळ्या वेळी झालेलं बोलणं एकत्र केलेलं आहे. मला ते लिहावंसं वाटलं, कारण घरी खाद्य करणारे आणि डबा विकत आणणारे एकमेकांचं सहसा ऐकून घेत नाहीत, आणि दोघांकडेही ऐकण्यासारखं काही असतं.

मी : आत्या, गोळ्या संपल्या म्हणून बंद केल्यास का?

आत्या : संपल्या न्हाईत. ठेवल्यात फडताळात. तो गोल मासा हाय ना, डोक्यावर मांस वाढलेला, तो गोळ्या खाल्ल्या की उलटा व्हायचा. पोट वर, डोकं खाली. अर्धा-अर्धा दिवस तसाच लोंबकळत राहायचा. मला बघवंना.

मी : तो ओरांडा. त्या जातीला असा त्रास होतोच.

आत्या : जात त्याची तीच हाय, पण त्रास कमी झाला की. मी एक गोळी वाटीत पाण्यात टाकून ठेवली होती. बघता बघता टम्म फुगली. अन् गोळी तरंगती. मासा वर येऊन मचमच करून गिळतो, तवा हवा बी जात असंल पोटात.

आत्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, पण त्यावरून थेट निष्कर्षाला जाणं मला पटेना. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं. तोंडात दात नाहीत, घशात आहेत. तिथे अन्न चिरडलं जातं आणि सरळ लांब आतड्यात उतरतं. साठवून ठेवायला पोटात पिशवी नाही म्हणून त्याला थोडं-थोडं, दिवसातून दोनदा-तीनदा मिळालेलं बरं. अंगाला तोलून धरणारी हवेची पिशवी मात्र आहे, आणि ती अन्ननळीला नळीने जोडलेली आहे. साध्या, लांबट गोल्डफिशमध्ये हे सगळं नीट मावतं. ओरांड्याचं अंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून गोल केलं, आणि त्या आखूड अंगात आतडं आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसली.

मी : म्हणजे मूळ कारण त्याची अंगकाठी आहे. शिवाय पिशवीला संसर्ग झाला, थंडीत पाणी एकदम गार झालं, जास्त खाल्लं, तरी मासा उलटा होतो. सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. गोळी पाच-दहा मिनिटं भिजवून घाल, नाहीतर बुडणारी गोळी आण. एवढ्याने भागतं.

आत्या : भागतं म्हणतीस. भागवायचं कामून? ओलं, मऊ, बुडणारं मला घरी करता येतं की.

मी : करता येतं. पण जे करशील ते पुरेसं असलं पाहिजे. पाकिटावर काय-काय लिहिलेलं असतं ते वाचलंस का? प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं, खनिजं, सगळं मोजून घातलेलं असतं.

आत्या : वाचलं की. चष्मा लावून वाचलं. पहिलंच नाव फिश मील. म्हणजे काय ते तूच सांग.

मी : समुद्रातली बारीक मासळी वाळवून केलेलं पीठ.

आत्या : म्हणजे हा मासा जगवायला ते मासे दळायचे.

मी : धरणातही मोठा मासा बारक्याला खातोच.

आत्या : खातो. ते त्याचं त्यानं. मी कामून दळून घालू?

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. फिश मीलची प्रथिनं माशाच्या अंगाला सगळ्यात सहज लागतात; जगभरचा मत्स्यशेतीचा धंदा त्यावर उभा राहिला. त्याचबरोबर तोच धंदा गेली कित्येक वर्षं फिश मीलला पर्याय शोधतो आहे, कारण समुद्रातली बारीक मासळी अशी किती उपसणार? सोयाबीनची पेंड, कीटकांचं पीठ, शेवाळ, असे सगळे प्रयोग चालू आहेत. म्हणजे आत्याने ज्या कारणाने नाक मुरडलं, त्याच्या जवळपासच्या कारणाने मोठमोठे कारखानेही अस्वस्थ आहेत. तिची वाट श्रद्धेची आहे, त्यांची हिशोबाची. दोन्ही वाटा सोयाबीनपाशी येतात, आणि सोयाबीन तर आमच्या मराठवाड्यात शेतोशेती आहे.

माशांसाठी हाताने खाद्य करणं ही या भागाला नवी गोष्टही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. कोणता मासा कुठे सापडतो, तो काय खातो, त्याला कसले गोळे करून घालावेत, याचा त्यात तपशील आहे. राजाला ते गळ टाकण्यासाठी हवं होतं, हा फरक आहेच. पण मासा बघून त्याच्या तोंडाला साजेल असं मळणं, शिजवणं ही जाण इथे आठ-नऊशे वर्षं तरी जुनी आहे. आजही देवळाच्या कुंडावर कणकेच्या गोळ्या टाकणारे दिसतात. त्यातल्या पुण्याबद्दल मला बोलायचं नाही, पण कणीक माशाला फार उपयोगाची नाही. नुसती पिठूळ, प्रथिनं कमी, आणि उरलेली पाण्यात कुजते.

आत्या कणीक घालत नाही. ती काय करते ते मी चुलीजवळ बसून बघितलं. चायना ग्रासचा 10 ग्रॅमचा पुडा, किराणा दुकानात मिळतो तोच. पांढरट, चुरगळले तर मोडतील असे कोरडे धागे. ते तिने कात्रीने बारीक करून दीड पेला पाण्यात भिजत ठेवले. दुसरीकडे कुकरमध्ये सोयाबीन, रात्रभर भिजवलेलं, साल चोळून काढलेलं. शेवग्याचा पाला वाफवलेला, वाटीभर डांगर आणि थंडीचे दिवस म्हणून मूठभर मटार, तेही सोललेले. मिक्सरमधून सगळ्याचा एकजीव लगदा, साधारण तीन वाट्या. मग चायना ग्रास उकळायला ठेवलं. ती पळीने ढवळत राहिली, पळी उचलून उजेडात धरून बघत राहिली. एकही धागा दिसेनासा झाल्यावर मगच तिने पातेलं उतरवलं आणि लगद्यात ओतलं. मिठाचा कण नाही, तेल नाही. ताटात ओतून थापलं, आणि आम्ही चहा घेईपर्यंत ते कोथिंबिरीच्या वड्यांसारखं सुरीने कापण्याजोगं झालं होतं.

मी : जिलेटिन का नाही वापरलंस? बरेच लोक जिलेटिनने करतात.

आत्या : नातवानं तेच सांगितलं होतं फोनवर. मग त्यालाच विचारलं ते कशापासून करतात. हाडं अन् कातडी. मव्ह्या चुलीवर ते चढणार न्हाई.

मी : चढलं असतं तरी इथे टिकलं नसतं.

हे मात्र मी मनापासून सांगितलं, कारण या विषयात पालीच्या माणसाला सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. परदेशातल्या कृती वाचून लोक जिलेटिन आणतात. जिलेटिन तिशीच्या पुढे, फार तर 35 अंशांपर्यंत वितळतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, सावलीतल्या हौदाचं पाणीही तिशीच्या वर जातं. जिलेटिनची वडी त्या पाण्यात पडली की मासा दोन घास घेईपर्यंत विरघळते आणि पाणी गढूळ होतं. चायना ग्रास म्हणजे अगार. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढतात, आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून ते शेवाळ गोळा करतात. अगार एकदा उकळून विरघळलं की 35-40 अंशांच्या आसपास गोठतं, आणि पुन्हा वितळायला 85 अंश लागतात. मराठवाड्याचा कुठलाही उन्हाळा त्याला वितळवू शकत नाही.

याच फरकावर विज्ञानाचं एक मोठं पान लिहिलं गेलं आहे. 1881 साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते पातळ व्हायचं, माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेला ठेवलं तरी पातळ व्हायचं, आणि वेगवेगळे वाढवलेले जंतू एकमेकांत मिसळायचे. तिथले सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचवलं, अगार वापरून बघा. त्या स्वयंपाकघरात जेलीसाठी तेच वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळलं होतं. कॉख यांनी दुसऱ्याच वर्षी क्षयाच्या जंतूवरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनी यांचं नाव मात्र घेतलं नाही. आजही जगातली प्रत्येक जंतूशास्त्राची प्रयोगशाळा अगारवर चालते. मी ही हकिगत सांगितली तेव्हा आत्या म्हणाली, “बाईनं सांगितलं म्हणून नाव न्हाई घेतलं व्हय?” आणि ताट उचलून आत गेली.

त्या हकिगतीची दुसरी बाजूही मला सांगायची होती.

मी : जंतूंना लागणारं ओलं, मऊ, भरपूर अन्न तू ताटात थापून ठेवलंयस. गोळीत पाणी शंभरात दहा भाग, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. तुझ्या वडीत पाऊण भाग पाणी आहे. किती दिवस ठेवतेस?

आत्या : फ्रीजमधी. चार दिवस. लाइट लई वेळ गेली तर दोनच. वास घेऊन बघते, बोटाला चिकट लागलं की फेकून देते.

मी : बर्फाच्या खणात?

आत्या : एकदा ठेवलं होतं. बाहेर काढलं तर पाणी सुटलं अन् भुसभुशीत झालं. हौदात टाकलं की चुरा. मग न्हाई ठेवलं.

अगारचं तसंच होतं. गोठवून वितळवलं की जाळी मोडते आणि पाणी निथळतं. चायना ग्रासचे धागेदेखील याच गुणाचा उपयोग करून बनवतात. तेव्हा ज्यांना महिन्याभराचं एकदम करून ठेवायचं आहे त्यांच्यासाठी ही कृती नाही. थोडं करायचं, ताजं घालायचं. आत्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. तिच्या घरात दोन वेळा भाकरी होतेच.

खरा वाद पुढे होता.

मी : आत्या, सोयाबीनमध्ये प्रथिनं शंभरात चाळीसच्या घरात असतात, कबूल. तू शिजवतेस हेही उत्तम. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारं एक द्रव्य असतं, ते शिजवल्यावर जातं. पण प्रथिन म्हणजे एकच वस्तू नाही. त्यात वेगवेगळी अमिनो आम्लं असतात, आणि सोयाबीनमध्ये मिथिओनिन नावाचं एक कमी पडतं. एक कमी पडलं की बाकीची असून उपयोग होत नाही. मासा खातो, पण अंगाला लागत नाही.

आत्या : मग कशात असतं ते?

मी : सुकटीत असतं. मूठभर सुकट, मीठ जाईपर्यंत धुऊन...

आत्या : ते सोड. झाडापाल्यात, धान्यात कशात असतं ते सांग.

मी जरा थांबले. उत्तर तिच्याच डब्यात होतं. तिळात मिथिओनिन चांगलं असतं. सोयाबीनला जे कमी ते तिळाला आहे, आणि तिळाला कमी पडणारं लायसिन सोयाबीनमध्ये भरपूर आहे. दोन्ही मिळून बरंच जमतं. त्यात चमचाभर जवस, म्हणजे ओमेगा-3 जातीची चरबी थोडी मिळते. स्पिरुलिना पावडर मिळाली तर फारच छान. ते शेवाळ आहे आणि त्यात प्रथिनं शंभरात साठच्या आसपास. गोल्डफिश हा काही वाघ नाही. तो रोहू-कटल्याच्याच कुळातला, तळ चाळून शेवाळ, किडे, कुजका पाला असं मिळेल ते खाणारा मिश्राहारी. सुकं धरून शंभरात तीस भाग प्रथिन मिळालं की मोठ्या गोल्डफिशला पुरतं.

मी : शेंगदाण्याची पेंड मात्र घालू नकोस. पावसाळ्यात तिला बुरशी येते, आणि ती बुरशी जे विष सोडते ते शिजवूनही पुरतं जात नाही.

आत्या : पेंड न्हाई घालत. तीळ घालते. पण एक सांग, धरणातल्या माशाला कोण हे मोजून घालतं? भोई जाळं टाकतात, एवढे-एवढे रोहू निघतात.

मी : धरणात जीवच जीव आहेत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, किडे, गोगलगायी, चिखलातल्या अळ्या. मासा आपलं कमी-जास्त आपण भरून काढतो. हौदातला मासा तुझ्या हातावर आहे. तू जे विसरलीस ते त्याला दुसरीकडून मिळणार नाही. पेटीत राहिलेल्या माशाला क जीवनसत्त्व मिळालं नाही तर पाठीचा कणा वाकतो. बहुतेक माशांच्या अंगात ते तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आणि तू जे शिजवतेस त्यातलं क जीवनसत्त्व चुलीवरच जातं.

घरी केलेल्या खाद्याचं कौतुक करणाऱ्यांशी माझं भांडण इथे आहे. ताजं आहे, स्वच्छ आहे, मायेने केलेलं आहे, हे सगळं मान्य. पण माया कण्याचं हाड सरळ ठेवत नाही. कमतरता लगेच दिसत नाही. मासा खातो, पोहतो, रंगही धरतो, आणि वाकलेला दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. वनस्पतीतला फॉस्फरसही असाच फसवा. तो अशा रूपात बांधलेला असतो की जठर नसलेल्या माशाला तो फारसा सोडवता येत नाही. म्हणून शाकाहारी वडी करायची तर माशांसाठीचं जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण त्यात पडलंच पाहिजे, आणि तेही उकळतं असताना नाही. लगदा बोट घालवेल इतका कोमट झाला की, गोठायच्या आत, भराभर.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, चल, हौद बघ.

हौदाच्या आतल्या भिंतीला हिरवं शेवाळ मऊ चिकटलेलं होतं. तिने ते मुद्दाम खरवडलेलं नाही. लिंबाची सावली दुपारी पाण्यावर येते. कडेला पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि ओरांडा आपलं जड अंग सावरत त्या एकेक टिपत होता.

आत्या : हे बघ. हौद उघडा हाय, डास येतो, अंडी घालतो. मासा खातो. मी हातानं काही मारत न्हाई अन् काही अडवत बी न्हाई. तुझ्या सुकटीचं जे काम हाय ते यानं होत असंल का न्हाई?

मी : काही अंशी होतं.

होतंच. आरोग्य खातं डासांसाठी पाण्यात गप्पी मासे सोडतं ते यासाठीच. गोल्डफिशही अळ्या आवडीने खातो. जिवंत अळीत प्रथिन आहे, मिथिओनिन आहे. शेवाळात थोडी जीवनसत्त्वं आहेत. काचेच्या चकचकीत पेटीत हे दोन्ही नसतं. आत्याच्या वडीला हौद पूरक आहे. तीच वडी शहरातल्या पेटीत अपुरी ठरेल. घरगुती कृती सांगणारे लोक नुसती कृती सांगतात, मासा कुठे राहतो ते सांगत नाहीत.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि पालीत तो शेवटी येत नाही, आधीच येतो.

मी : मासा खातो त्यातल्या प्रथिनाचा कचरा अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात येतो. न खाल्लेलं कुजलं तरी अमोनियाच. आपलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि उष्णतेने आणखी वाढतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 35 अंशांना 7 सुद्धा नाही. म्हणजे मे महिन्यात घास जास्त झाला की तुला पाणी बदलावं लागणार. पाणी आणणार कुठून?

आत्या : म्हणूनच तर थाळीत घालते.

तिने एक जुनी जर्मनची थाळी दाखवली. काठाला तीन भोकं, त्यात सुतळी. दोन-तीन वड्या थाळीत ठेवून ती हौदात सोडते. मासे येऊन टोचतात, वडी विस्कटत नाही, कडेकडेने कुरतडली जाते. थोड्या वेळाने सुतळी ओढली की उरलेलं थाळीसकट वर. कोळंबीच्या शेततळ्यात चेक ट्रे म्हणून नेमकं हेच वापरतात. किती खाल्लं, किती उरलं, ते बघून पुढच्या वेळचं खाद्य ठरवायचं. मी शेतकऱ्यांना ते शिकवते. आत्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. पाण्याची बादली मोजून वापरणाऱ्या बाईला ते सुचणं भाग होतं. गोळी चिमटीने टाकली की तळाशी गेलेली परत काढता येत नाही, आणि इथे माझा डबा तिच्या वडीपुढे खरोखर मागे पडतो.

आत्या : अन् हौदातलं काढलेलं पाणी शेवग्याला जातं. त्याचाच पाला परत वडीत. वाया काय गेलं सांग.

मी : काही नाही. पण वड्या किती घालायच्या याचा अंदाज चुकू देऊ नकोस. वडी गोळीपेक्षा मोठी दिसते, पण तिच्यात पाणीच जास्त. उलट दिसायला मोठी म्हणून अर्धी घातलीस तर मासा उपाशी.

आत्या : एकादशीला उपाशीच असतात. मी खात न्हाई, त्यांना बी न्हाई घालत.

हा नियम चांगला आहे. अधूनमधून एक दिवस रिकामा गेला तर मोठ्या गोल्डफिशचं काही बिघडत नाही. आतड्याला उसंत मिळते, पाण्यालाही. लहान पिल्लांना मात्र असा उपास घडवू नये.

शेजारच्या एकाने आत्याला सुचवलं होतं की एवढा खटाटोप कशाला, सोड की धरणात. ती मला त्याबद्दल विचारत होती. मी तिला ठामपणे नाही म्हटलं. गोल्डफिश इथला नाही. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि मोकळ्या पाण्यात भरमसाट वाढतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सविल शहराने 2021 साली लोकांना जाहीर विनंती केली, पाळलेले गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथल्या तळ्यात फुटबॉलएवढे मासे निघत होते. बिंदुसरेत भोयांची जाळी आहेत, रोहू-कटल्याचं बीज सोडलेलं असतं. घरात आणलेला मासा घरातच सांभाळायचा.

आत्या : मग सांभाळायचा तर नीट सांभाळायचा. तू म्हणतीस ती पावडर झाडापाल्याची का आणखी कशाची?

मी : जीवनसत्त्वं कारखान्यात बनवलेली, खनिजं खाणीतली. पाकिटावरची यादी मी तुला वाचून दाखवीन. तुला चालणार नाही असं काही निघालं तर दुसरं बघू. पण जनावरांचं मिनरल मिक्श्चर यात चालत नाही, माशांचंच हवं.

आत्या : ते घालते. कोमट झाल्यावर. तीळ, जवस बी घालते. सुकट न्हाई.

मी : आणि गोळ्या? मला अजून वाटतं, आठवड्यातून दोन दिवस तरी घाल. भिजवून. तुझ्या वडीत काही राहून गेलं असेल तर ते तिथून मिळेल.

आत्या : अन् त्यात फिश मील.

मी : हो, त्यात फिश मील.

या एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही, आणि जमेल असं मला वाटतही नाही. माझ्या मते हौदातल्या अळ्या थंडीत कमी होतात, तेव्हा गोळी हवी. तिच्या मते नातू सुट्टीला आला की त्याच्या हाताने गोळ्या घालील, ती स्वतः घालणार नाही. मासे नातवाचे आहेत, तेव्हा या तोडग्याला मी अडवू शकत नाही. थंडीत त्याला सुट्टी कधी असते, ते मात्र मी विचारून ठेवलं आहे.

आत्या : पावडर कधी आणतीस?

मी : पुढच्या खेपेला, बीडहून.

आत्या : बारका डबा आण. उघडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत संपंल एवढाच. उघडं पडलं की त्यातलं बी उडून जात असंल ना तुझं क जीवनसत्त्व?

मी : जातं.

आत्या : मग मोठा आणू नको.